जवसाचे तेल आणि आईचे चित्र

फाल्गुन लागला की आमच्या आडतीवर जवसाची आवक सुरू होत असे. तपकिरी, चपटे, चकचकीत दाणे हातात घेतले की बोटांच्या फटींतून पाण्यासारखे निसटत. वडील मूठभर दाणे तळहातावर पसरून, अंगठ्याने हलकेच चोळून, मालात ओल किती आणि तेल किती याचा अंदाज बांधीत, आणि तो सहसा चुकत नसे. या जवसाचे पुढे काय होते, असे मी लहानपणी त्यांना विचारले होते. ते म्हणाले, "काही लोक खातात. बाकीचे तेल रंगाच्या कारखान्यात जाते." रंगाचा कारखाना म्हणजे काय याची कल्पना मला तेव्हा नव्हती, पण ते शब्द मनात राहिले.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दुकान मुलाच्या हाती दिल्यावर, मी तैलरंगाची पहिली पेटी विकत घेतली. नळीचे झाकण उघडताच जो वास आला तो ओळखीचा होता. तैलरंग म्हणजे बारीक दळलेली रंगद्रव्ये आणि बहुधा जवसाचेच तेल. ज्या तेलाच्या हिशेबावर आमच्या दोन पिढ्या जगल्या, त्याच तेलाशी माझे नवे नाते जुळले.

या तेलाचा गुण असा की ते पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते, आणि रंगाला आपल्यात कायमचे धरून ठेवते. वरचा थर चार-आठ दिवसांत हाताला कोरडा लागला, तरी आतला थर महिनोन्महिने वाळत असतो. म्हणून खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे ठेवावे लागतात. उलट केले तर चित्राला पुढे भेगा पडतात. वॉर्निशसाठी सहा महिने ते वर्ष थांबावे लागते. व्यापाऱ्याला उधारीची सवय असतेच. ही उधारी मात्र घाई करून वसूल होत नाही.

माळ्यावरची मंडळी

आमच्या पेठेत एका कापड दुकानाच्या माळ्यावर, महिन्याच्या पहिल्या रविवारी, आम्ही पाच-सहा हौशी मंडळी जमतो. दुकानाचे मालक, एक निवृत्त बँक कर्मचारी, एक हार्डवेअरचे व्यापारी, एक डॉक्टरीणबाई आणि मी. प्रत्येकाने महिन्याभरात काढलेले चित्र भिंतीला टेकवून ठेवायचे. नियम एकच: नुसते "छान आहे" असे कोणी म्हणायचे नाही. चित्रातील कोणती जागा आवडली आणि कोणती खटकली, ते बोट ठेवून सांगायचे. मग एकाने आपल्या आवडत्या चित्रकाराविषयी बोलायचे.

ही आवड ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे असते, हे मला तेथे कळले. कापडवाल्या शेटजींचे दैवत म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी ते प्रमुख अशी वाटचाल केलेल्या या चित्रकाराच्या स्त्रियांच्या अंगावरील वस्त्र पाहून शेटजी त्याचा पोत ओळखतात. "हे रेशीम आहे, आणि हे धुऊन मऊ पडलेले सुती. निऱ्या पाहा, त्या कापडाच्या वजनाने पडल्या आहेत," असे ते सांगतात तेव्हा मला धुरंधरांपेक्षा शेटजींच्या नजरेचे अधिक कौतुक वाटते.

डॉक्टरीणबाईंना सावळाराम हळदणकर आवडतात. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांचे समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र अनेकांच्या घरी छापील रूपात असेल. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. वास्तविक ते हळदणकरांचे आहे, आणि तैलरंगातले नसून जलरंगातले आहे. आपल्या कन्येला समोर उभी करून त्यांनी ते काढले. ज्योतीचा प्रकाश बोटांतून आरपार येतो, तेथे बाई नेहमी थांबतात.

बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांचा मान आबालाल रहिमान यांना. जे. जे. मध्ये शिकून हा कलावंत कोल्हापुरास परतला, शाहू महाराजांच्या आश्रयास राहिला, आणि कोटितीर्थ व रंकाळ्याचा परिसर पुन्हापुन्हा रंगवीत १९३१ मध्ये त्याच गावी निवर्तला. तेच पाणी, तीच झाडे. बदलत गेला तो प्रहर. "एकाच खातेवहीत आयुष्यभर नोंदी केल्या, पण एकही नोंद दुसरीसारखी नाही," असे ते बँकेच्या भाषेत म्हणतात.

हौशी माणसाला धीर देणारी उदाहरणेही आम्ही शोधून ठेवली आहेत. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी राज्यकारभार सांभाळून स्वतः चित्रे काढीत. त्यांचे चित्ररामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९३८ मध्ये त्यांनी औंधला उभारलेले संग्रहालय आजही पाहता येते. फ्रान्सचा आंरी रूसो तर जकात नाक्यावरचा कर्मचारी. पॅरिसमध्ये येणाऱ्या मालावर जकात वसूल करणारा हा मनुष्य चाळिशीच्या सुमारास चित्रकलेकडे वळला, आणि १८९३ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, नोकरी सोडून पूर्ण वेळ चित्रे काढू लागला. त्याच्या चित्रांतील घनदाट अरण्ये जगप्रसिद्ध आहेत, पण त्याने फ्रान्सबाहेर पाऊल टाकले नव्हते. पॅरिसच्या वनस्पती उद्यानात पाहिलेली झाडे त्याला पुरली. हे ऐकून हार्डवेअरवाले म्हणाले, "जकातवाल्यांबद्दल मी आयुष्यात प्रथमच काही चांगले ऐकले."

माझे स्वतःचे मन जडले ते आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्यावर. १८७० मध्ये जन्मलेले हे गोमंतकीय चित्रकार जे. जे. मध्ये शिकले आणि तेथेच शिकवूही लागले. पणजीच्या फुंदासाव ओरिएंत या संस्थेत त्यांची चित्रे आहेत. त्यांनी आपल्या घरातली माणसे काढली: पत्नी, मुली, रोजच्या पाहण्यातले चेहरे. काळोखातून उजेडात येणारे ते चेहरे पाहून मी ठरविले की आपणही आईचे चित्र काढायचे.

आईचा प्रश्न

आईचे वय चौऱ्याऐंशी. बैठकीला ती माझ्यापेक्षा पक्की. रोज सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे ती हलत नाही, त्यामुळे चित्रासाठी बसणे तिला मुळीच जड गेले नाही. उलट मीच मधून मधून पाठ मोकळी करण्यास उठत असे. कार्तिकात आरंभ केलेले चित्र पौषापर्यंत अर्धे झाले. चेहरा आकार घेऊ लागला होता.

एके दुपारी मी चहासाठी आत गेलो असता तिने टेबलावरचा कुंचला उचलला, त्याचे केस बोटाने मागेपुढे केले, आणि मी परत आल्यावर विचारले, "हे केस कशाचे?"

मला ठाऊक नव्हते. दुकानदाराने चांगले म्हणून दिले होते, मी घेतले होते. आपण बिस्किटाचा पुडा घेताना हिरवा ठिपका पाहतो, जिलेटिन आहे का ते वाचतो, औषधाच्या कॅप्सूलचीही चौकशी करतो. रंगसाहित्यावर असा ठिपका नसतो, आणि तो नाही हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. आई म्हणाली, "विचारून घे. तोवर माझे चित्र थांबू दे."

चौकशी केली तेव्हा जे कळले ते असे. तैलचित्रणाचे ताठ, पांढरट कुंचले डुकराच्या राठ केसांचे असतात. मऊ, महागडे कुंचले सेबल म्हणून विकले जातात. ते विझेल जातीच्या प्राण्यांच्या शेपटीच्या केसांचे. मुंगसाच्या केसांचे कुंचलेही आपल्याकडे पूर्वी सर्रास मिळत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये त्यांचा व्यापार आज गुन्हा आहे, तरी ते कोठे कोठे चोरून विकले जातात. जुन्या पद्धतीने कॅनव्हास तयार करताना सशाच्या कातड्यापासून काढलेला सरस लावीत, आणि आजही काही तयार कॅनव्हासना तो असतो.

हे सारे मी कसेबसे पचविले. पण आईचे केस, बुबुळे आणि लुगड्याचा काठ ज्या काळ्या रंगाने रंगविले होते, त्या 'आयव्हरी ब्लॅक'ची माहिती वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. हा रंग पूर्वी हस्तिदंत जाळून करीत; आता जनावरांची हाडे जाळून करतात. आईच्या डोळ्यांत मी हाडांची काजळी भरली होती.

ते तिला सांगावे की न सांगावे, हा प्रश्न मला रात्रभर छळत राहिला. न सांगता चित्र पुरे केले असते तर कोणाला कळले असते? पण मालातील खोट गिऱ्हाइकापासून लपवायची नाही, असे ज्या वडिलांनी शिकविले त्यांच्या पत्नीपाशीच लपवाछपवी करणे मला जमेना. सकाळी सर्व सांगितले. हातचे अकरा कुंचले फेकून देतो, असेही म्हणालो.

आई म्हणाली, "फेकून काय होणार? गेलेला जीव परत येतो का? वापरू नकोस, आणि पुन्हा आणू नकोस." थोड्या वेळाने म्हणाली, "तुला ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले."

व्यापाऱ्याला ही गोष्ट अधिक समजावून सांगावी लागत नाही. मागणी आहे तोवर माल येतो, आणि आपण घेतलेला प्रत्येक नग ही पुढच्या नगाची मागणी असते.

पर्याय आहेत

धुरंधरांनी, त्रिंदादांनी किंवा आणखी कोणी कोणत्या कुंचल्यांनी काम केले, यावरून त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्या काळी दुसरे साधन सहज उपलब्ध नव्हते. आपल्याला ते आहे, एवढाच फरक. माझ्यासारख्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून येथे नोंदवितो.

कुंचले कृत्रिम तंतूंचे घ्यावेत. मऊ तंतूंचे कुंचले जाड तैलरंगात लोळागोळा होतात व त्यांची टोके वळतात. म्हणून तैलरंगासाठी केलेले ताठ तंतूंचेच मागावेत. पहिले काही आठवडे हाताला ते परके वाटतात, नंतर सवय होते. कॅनव्हास सुती असावा आणि त्यावरील अस्तर ॲक्रिलिकचे आहे याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी. काळ्या रंगाच्या नळीवर बारीक अक्षरांत संकेतांक असतो. 'पीबीके ९' म्हणजे हाडांचा काळा. 'पीबीके ११' म्हणजे 'मार्स ब्लॅक', तो लोहापासून होतो; 'पीबीके ६' आणि 'पीबीके ७' हे काजळीचे. लाल रंगात 'एनआर ४' हा संकेतांक दिसला तर तो कोचिनियल किड्यांपासून काढलेला समजावा. त्याऐवजी १८६८ पासून रासायनिक रीतीने बनत आलेला ॲलिझरिन किंवा त्याच छटेचे नवे रंग मिळतात. गेरू, पिवडी, अंबर हे मातीचे रंग तर निर्धोक आहेतच.

आणखी एक सूचना, ती माझ्या वडिलांची. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नये. ते तेल प्राणवायू शोषताना तापते, आणि ढिगाऱ्यात ती उष्णता कोंडून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. वडील गोदामात तेलकट बारदानाचा तुकडाही पडू देत नसत. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

दुसरे चित्र

माघात मी नवा कॅनव्हास लावला. आई पुन्हा बसली. दोनदा बसावे लागल्याची तक्रार तिने केली नाही; या खेपेस मात्र प्रत्येक नळी हातात घेऊन, चष्मा लावून, तिच्यावरचे अंक मला वाचायला लावले. मार्स ब्लॅक जुन्या काळ्यापेक्षा जड आहे. पांढऱ्यात मिसळला की त्याला थोडी तपकिरी झाक येते. तिच्या पिकल्या केसांना ती झाक शोभली.

चैत्रातल्या पहिल्या रविवारी दोन्ही चित्रे मी माळ्यावर नेली. अर्धवट राहिलेले आणि पूर्ण झालेले शेजारी ठेवले, आणि सगळी हकिकत सांगितली. नियमाप्रमाणे मंडळींनी बोट ठेवून मते दिली. निवृत्त गृहस्थांनी स्पष्ट सांगितले की पहिल्या चित्राच्या कपाळावरचा उजेड दुसऱ्यात उतरलेला नाही. ते खरे आहे. ताठ केसांचा कुंचला तो फटकारा सहज देतो. नव्याने तो मला अजून जमलेला नाही. शेटजींनी काही न बोलता आपल्या पिशवीतले कुंचले काढले आणि एकेकाचे केस निरखू लागले. हार्डवेअरवाल्यांनी संकेतांक कागदावर उतरवून घेतले.

घरी आल्यावर चित्र आईसमोर ठेवले. तिने ते जवळून पाहिले, मग चार पावले मागे जाऊन पाहिले.

"डोळे माझे आहेत," ती म्हणाली. "हात माझे नाहीत. हे तुझ्या वडिलांचे हात आहेत."

मी पाहिले. अंगठा किंचित आत वळलेला, तळहात उघडा, जणू त्यावर काही पसरून पाहायचे आहे. ध्यानीमनी नसता मी तेच हात काढले होते.

"बदलतो," मी म्हणालो. "रंग अजून आत ओला आहे."

"राहू दे," आई म्हणाली.