क्रीम्ड चिप्ड बीफ

खारवून, धुरी देऊन व वाळवून टिकविलेल्या गोमांसाचे कागदासारखे पातळ काप दूध, लोणी व मैदा यांच्या दाट पांढऱ्या सॉसमध्ये शिजवून भाजलेल्या पावावर वाढावयाचा एक अमेरिकन खाद्यपदार्थ. ‘चिप्ड’ हे विशेषण लाकडाच्या ढलप्यांप्रमाणे काढलेल्या पातळ कापांवरून आले आहे. ‘क्रीम्ड’ या शब्दावरून त्यात मलई असावी असे वाटते. परंतु मैद्याने दाट केलेल्या दुधालाही अमेरिकन पाकशास्त्रात हे विशेषण लावतात व घरगुती कृतींत मलई बहुधा नसते. हा पदार्थ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत न्याहारीस किंवा रात्रीच्या साध्या जेवणात खाल्ला जातो. पेनसिल्व्हेनिया व त्याच्या आसपासच्या राज्यांत तो विशेष रूढ असून तेथील साध्या उपाहारगृहांत आजही मिळतो. सैनिकांच्या तोंडी मात्र त्याचे नाव चेष्टेचा विषय झाले. एकच पदार्थ घरात आवडीचा आणि भोजनशाळेत नावडता का ठरला, याचे उत्तर त्याच्या घटकांत कमी आणि तो करण्याच्या रीतीत अधिक आहे.

याकरिता जनावराच्या मागील मांडीचे कमी चरबीचे मांस घेतात. ते मीठ, थोडी साखर आणि सोडियम नायट्राइट यांच्या द्रावणात मुरवून नंतर धुरी देऊन वाळवितात व दाबून यंत्राने त्याचे काप काढतात. नायट्राइटाची कामे दोन : मांसातील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी संयोग होऊन मांस शिजल्यावरही तांबूस राहते आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विषारी जंतूच्या वाढीस प्रतिबंध होतो. ‘वाळविलेले’ असे म्हटले, तरी हे मांस कडक सुके नसते. अमेरिकन शासकीय मानकाप्रमाणे त्यात प्रथिनाच्या एका भागास पाण्याचे २·०४ भागांपेक्षा अधिक प्रमाण चालत नाही. ताज्या चरबीविरहित मांसात हे प्रमाण साडेतीनच्या आसपास असते. म्हणजे निम्म्याच्या जवळपास पाणी उरतेच. ते टिकते ते मुख्यतः मिठामुळे आणि हवाबंद वेष्टनामुळे. बाजारात ते काचेच्या लहान बरण्यांत किंवा निर्वात पिशव्यांत मिळते. बरणीतील काप अधिक खारट व एकमेकांस चिकटलेले असतात. ते सुटे करून घेणे हे कंटाळवाणे काम असले, तरी टाळता येत नाही.

शीतपेट्या घरोघरी येण्यापूर्वी टिकाऊ मांस थोडक्यात पुरवून खाण्याचे जे मार्ग होते, त्यांपैकी हा एक होय. फॅनी फार्मर यांच्या बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक (१८९६) या ग्रंथात त्याची एक कृती आहे. सपाट भरलेला पेला व चमचा यांचे माप अमेरिकन स्वयंपाकघरात रुजविण्याचे श्रेय फार्मरबाईंना दिले जाते आणि या कृतीतही मापे नेमकी आहेत : पाव पौंड (सु. ११३ ग्रॅ.) मांस, एक पेला (सु. २४० मिलि.) मलई आणि दीड मोठा चमचा मैदा. मांस गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून निथळावयाचे, मैदा थंड पाण्यात कालवून मलईत घालावयाचा व ती दुहेरी भांड्यात, म्हणजे उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात, दहा मिनिटे शिजवावयाची. मलईऐवजी पांढरा सॉस चालेल, मात्र त्या वेळी त्यातील मीठ वगळावे, अशी सूचनाही तेथे आहे. विसाव्या शतकातील घरगुती कृतींत मलई जाऊन साधे दूध आले आणि तेवढ्याच मांसाला दुधाचे प्रमाण दुप्पट झाले. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात आणि मार्च १९४३ ते नोव्हेंबर १९४५ या मांसाच्या नियंत्रित वाटपाच्या काळात अशा पदार्थांचे महत्त्व साहजिकच वाढले. पाव पौंड मांसात चौघांचे जेवण भागविणे ही त्या वेळी लहानसहान गोष्ट नव्हती.

चौघांसाठी सर्वसाधारण प्रमाण असे : सुके गोमांस ११५ ते १२५ ग्रॅ., बिनमिठाचे लोणी ५५ ग्रॅ. (चार मोठे चमचे), मैदा ३२ ग्रॅ. (चार मोठे चमचे), दूध ४८० मिलि. (दोन पेले), मिरपूड चवीपुरती आणि पावाचे आठ काप. मांसाचे काप सुटे करून गरम पाण्यात पाच ते दहा मिनिटे ठेवतात, पाणी ओतून देऊन काप कोरडे टिपतात व बोटभर रुंदीचे तुकडे करतात. पसरट भांड्यात लोणी वितळवून त्यात ते मंद आचेवर परततात. कडा वळू लागल्या व थोड्या कुरकुरीत झाल्या की मैदा वरून भुरभुरून दोन मिनिटे ढवळतात. पेनसिल्व्हेनियात या परतण्यावरून पदार्थाला ‘फ्रिझल्ड बीफ’ असेही नाव आहे. काहीजण मांस न परतता तयार सॉसमध्ये नुसते मिसळतात. वेळ वाचतो, पण मांसाची चव सॉसमध्ये उतरत नाही. परतण्याचीच रीत सरस म्हणावी लागेल.

यानंतरचा टप्पा नाजूक असतो. मैद्यातील स्टार्चाचे कण कोरडे असताना गरम द्रवात पडले, तर बाहेरचे कण तत्काळ फुगून एक चिकट आवरण तयार होते व आतील पीठ कोरडेच राहते. पिठल्यात बेसन घाईने टाकल्यास गुठळ्या होतात त्या याच कारणाने. मैदा आधी लोण्यात परतल्याने प्रत्येक कणाभोवती स्निग्ध पदार्थाचा पातळ थर बसतो आणि कण परस्परांपासून अलग राहतात. मैदा व लोणी यांच्या या मिश्रणास फ्रेंच पाकशास्त्रात ‘रू’ म्हणतात. त्यात दूध एकदम न ओतता प्रथम पाव पेला घालून गुळगुळीत लगदा करावा व मग उरलेले दूध थोडे थोडे घालीत सतत ढवळावे. गव्हाचे स्टार्च सु. ६०° से.च्या पुढे पाणी शोषून फुगू लागते. तथापि पूर्ण दाटपणा येण्यास सॉस उकळीच्या जवळ न्यावा लागतो. या आधीच सॉस दाट झाला असे समजून भांडे उतरविल्यास तो पुढे अधिक घट्ट होतो आणि कच्च्या पिठाची चवही राहते. उकळी दिसू लागल्यावर मंद आचेवर आणखी चार-पाच मिनिटे शिजविणे पुरेसे असते.

एका पेल्यास एक चमचा मैदा घातल्यास पातळ, दोन घातल्यास मध्यम व तीन घातल्यास घट्ट सॉस होतो, असा अमेरिकन गृहविज्ञानातील ठोकताळा आहे. येथे मध्यम सॉस हवा. मीठ शेवटपर्यंत घालू नये व बहुधा ते लागतही नाही. सॉस तयार झाल्यावरच पाव भाजावा. पाव आधी भाजून ठेवणे ही नेहमीची चूक आहे. कोरडा, कडक, नुकताच भाजलेला पाव सॉस काही मिनिटे वर पेलतो. थंड झालेल्या पावाचा चिवट लगदा होतो. टोस्टऐवजी उकडलेले बटाटे किंवा बिस्किट या नावाचा अमेरिकन मऊ पाव घेण्याचीही पद्धत आहे.

सैन्यात या पदार्थाचा प्रवेश त्याच्या टिकाऊपणामुळे झाला. अमेरिकन सैन्याच्या मॅन्युअल फॉर आर्मी कुक्स (१९१०) या पुस्तिकेत साठ जणांसाठी दिलेले प्रमाण असे आहे : चिप्ड बीफ १५ पौंड, चरबी (शक्यतो लोणी) १ पौंड, मैदा सव्वा पौंड, बाष्पित दुधाचे २ डबे, गोमांसाचा रस्सा ६ क्वार्ट, अजमोद्याची एक जुडी व मिरपूड पाव औंस. बाष्पित दूध म्हणजे साखर न घालता आटविलेले व डब्यात निर्जंतुक केलेले दूध. ते १८८५ पासून इलिनॉय राज्यातील हायलँड येथे योहान मायेनबर्ग यांच्या पद्धतीने तयार होऊ लागले.

या आकड्यांकडे नीट पाहिल्यास एक गैरसमज दूर होतो. सैनिकांना मांसाच्या नावाखाली पिठाची खळ दिली जाई, असा या पदार्थाबद्दलचा समज आहे. परंतु १५ पौंड म्हणजे ६·८ किग्रॅ. मांस साठांत वाटले, तर प्रत्येकी सु. ११३ ग्रॅ. येते; म्हणजे घरी जेवढे मांस चौघांना पुरवीत, तेवढे येथे एकट्याच्या वाट्याला होते. कमतरता होती ती दुधाची. ६ क्वार्ट म्हणजे सु. ५·७ लि. रश्श्यात दोन डबे दूध हे नावापुरतेच. शिवाय मैदा चरबीत तांबूस होईपर्यंत भाजावयाचा असे. भाजलेल्या मैद्याची दाट करण्याची शक्ती कमी होते. म्हणून तो अधिक घेतलेला दिसतो, लिटरला सु. ८७ ग्रॅ.; घरगुती मध्यम सॉसमध्ये तो सु. ६६ ग्रॅ. असतो. तेव्हा तयार होणारा पदार्थ पांढरा व दुधाळ नसून करड्या-तांबूस रंगाचा, घट्ट आणि अतिशय खारट असणार. आजच्या सुक्या गोमांसातील मिठाच्या प्रमाणाने हिशेब केला, तर मांस भिजवून न घेतल्यास माणशी सु. ८ ग्रॅ. मीठ एकट्या मांसातूनच पोटात जाते.

यात मोठ्या भोजनशाळेतील अपरिहार्य गोष्टींची भर पडे. गरम ठेवलेला सॉस वेळ जाईल तसा घट्ट होत जातो व वर साय धरतो. शेकडो टोस्ट एकाच वेळी ताजे देता येत नाहीत. सैनिकांनी टोस्टला छपरावरील लाकडी फळीची उपमा देऊन व वरच्या सॉसला एक ग्राम्य शब्द योजून जे नाव पाडले, ते आद्याक्षरांनी ‘एस्ओएस्’ असे प्रसिद्ध आहे. संकटात सापडलेल्या जहाजाच्या संदेशाशी असलेल्या साम्यामुळे ते अधिकच लोकप्रिय झाले असावे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अनेकांनी या पदार्थाला पुन्हा स्पर्श केला नाही, तर काहींच्या घरी तो रविवारच्या न्याहारीचा भाग बनला.

सुक्या मांसाऐवजी ताजा खिमा वापरण्याचा प्रकारही सैन्यात व घरी रूढ आहे. त्यात खिमा परतून सुटलेल्या चरबीतच मैदा भुरभुरतात, मग दूध घालतात; मीठ, मिरपूड व कांदा वरून घालावा लागतो. अमेरिकन नौदलात टोमॅटो घातलेला प्रकारही होता. त्यात आंबटपणामुळे दूध फाटण्याचा संभव असल्याने दूध वगळतात. खिम्याचा पदार्थ करण्यास सोपा व मिठाच्या दृष्टीने निर्धोक असतो. पण धुरी दिलेल्या मांसाची चव त्याला येत नाही.

आहारदृष्ट्या पाहता हा पदार्थ प्रथिनयुक्त व पोटभरीचा असला, तरी मिठाचे प्रमाण हा त्याचा मोठा दोष होय. १०० ग्रॅ. सुक्या गोमांसात सु. २·८ ग्रॅ. सोडियम असते. वरील घरगुती प्रमाणात मांस न भिजविल्यास माणशी सु. ०·८ ग्रॅ. सोडियम त्यातून येते आणि पाव व दूध धरून ही बेरीज १ ग्रॅमच्या पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा २ ग्रॅ. सोडियम, म्हणजे ५ ग्रॅ. मीठ, अशी सांगितली आहे. याच संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांत केला. ज्यांनी हा पदार्थ लहानपणापासून खाल्ला, ती माणसे आता वयस्क असून त्यांच्यात रक्तदाबाचे रुग्ण पुष्कळ असतात. त्यामुळे मांस भिजविण्याची पायरी चवीपुरती मानून वगळणे योग्य नाही. काप सुटे करून, भरपूर गरम पाण्यात, एकदा पाणी बदलून भिजविल्यास मिठाचा बराच अंश निघून जातो. त्याबरोबर धुरीचा वासही काहीसा कमी होतो. तो भरून काढण्यासाठी मांस लोण्यात थोडे अधिक वेळ परततात आणि मिरपूड ताजी कुटून घालतात.