जोडधंदा आणि स्वातंत्र्य : ब्लॉग लिहिणाऱ्याने नोकरी सोडावी का?

मागच्या व्याख्यानानंतर बरेच प्रश्न आले आणि त्यांतले पुष्कळसे एकाच धाटणीचे होते. 'सर, दिवसा नोकरी करतो, रात्री ब्लॉग लिहितो, अधूनमधून बाहेरची कामंही मिळतात. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करू का?' आता तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला हे कशाला विचारायचं, असं कुणी म्हणेल. पण हा प्रश्न पैशाचा आहे तेवढाच स्वातंत्र्याचाही आहे, आणि स्वातंत्र्य हा आमचा जुना विषय. म्हणून आज तेवढंच बोलू.

आधी शब्द पाहू. फ्रीलान्स. वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅन्हो' कादंबरी १८१९ च्या अखेरीस आली. तिच्यात हा शब्द भाडोत्री योद्ध्यांसाठी आला आहे. ज्याचा भाला कुणा एका सरदाराला बांधलेला नाही, जो पैसे देईल त्याच्या बाजूनं लढतो, तो फ्री लान्स. म्हणजे बघा, भाला मोकळा होता, पोट मोकळं नव्हतं. हा पेच त्या शब्दाच्या जन्मापासूनच आहे.

आपल्याकडचा शब्द मला जास्त शहाणा वाटतो : जोडधंदा. शेतकरी दोन गाई ठेवतो. गाय शेतातला कडबा खाते, तिचं शेण शेतात जातं आणि पाऊस रुसला तर दुधाचे पैसे घर चालवतात. इथं 'जोड' हा शब्द महत्त्वाचा, बरं का. दुसरा धंदा पहिल्याच्या उरल्यासुरल्यावर जगतो आणि पहिल्याला काहीतरी परत देतो. आज सकाळी भाषांतर, दुपारी टी-शर्ट विकणं, रात्री शेअर बाजारावर व्हिडिओ असं करणारी मुलं मला दिसतात. ते धंदे आहेत, पण त्यांत जोड नाही. एकातलं शिकलेलं दुसऱ्यात उपयोगी पडत नाही, आणि माणूस तेवढा दमतो.

मग ब्लॉगची जोड कशी असते? एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एक बाई गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात काम करतात. मानीव अभिहस्तांतरण हा विषय आपल्याकडे हजारो सोसायट्यांना छळतो. बिल्डर जमीन नावावर करून देत नाही, मग अर्ज, कागद, हेलपाटे. या बाई दर आठवड्याला त्यातल्या एकेका कागदावर सोप्या मराठीत लिहितात. वाचक समजा पाचशे. जाहिरातींचं उत्पन्न चहापाण्याइतकं. पण त्या पाचशेंत वीस सोसायट्यांचे सचिव आहेत, आणि त्यांतले तीन फोन करतात : 'आमची फाईल लावून द्याल का? काय घ्याल?' इथं ब्लॉगनं पैसे दिले नाहीत, विश्वास दिला. पैसे कामाचे आले. म्हणून ब्लॉगकडे दुकानाबाहेरचा फळा म्हणून पाहा, गल्ला म्हणून पाहू नका. किती लोकांनी वाचलं यापेक्षा कुणी वाचलं, हा प्रश्न मोठा.

आता तत्त्वज्ञानाच्या इतिहासातलं एक उदाहरण. इमान्युएल कांट म्हटलं की ठरलेल्या वेळी फिरायला निघणारे प्राध्यापक डोळ्यांपुढे येतात. पण आधी काही वर्षं ते लोकांच्या घरी शिकवण्या करत होते, आणि १७५५ ते १७७० अशी पंधरा वर्षं कोनिग्सबर्ग विद्यापीठात बिनपगारी व्याख्याते होते. विद्यार्थी जी फी देतील ती कमाई. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, गणित, प्राकृतिक भूगोल, जे चालेल ते शिकवायचे. १७६६ मध्ये त्यांनी ग्रंथालयात उपग्रंथपालाची छोटी नोकरी घेतली. तो झाला जोडधंदा! पण १७६४ मध्ये काव्यशास्त्राचं प्राध्यापकपद चालून आलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं, कारण तो त्यांचा विषय नव्हता. हवी ती जागा, तर्कशास्त्र आणि मीमांसेची, १७७० मध्ये मिळाली. आजारपणासाठी म्हणून काही सोन्याची नाणी त्यांनी बाजूला ठेवली होती आणि हलाखीतही त्यांना हात लावला नाही, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. 'नको' म्हणता येणं आणि गाठीला काहीतरी असणं या दोन गोष्टींचं नातं इथं ध्यानात घ्या. गाठीला काही नसेल तर नकार हा नुसता विचार राहतो.

म्हणून थोडा हिशेब करू. समजा, पगार महिना ४०,००० रुपये. महिन्यात कामाचे दिवस २२. भागाकार केला की दिवसाचे सुमारे १,८०० येतात, आणि नवखा माणूस तोच दर सांगतो. इथंच फसगत होते. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा, पगारी रजा, आरोग्य विमा, लॅपटॉप, इंटरनेट हे सगळं आता तुमच्या खिशातून. म्हणजे गरज ५४,००० ची धरा. आणि २२ पैकी दहा दिवस काम शोधण्यात, दर ठरवण्यात, पैशांसाठी आठवण करण्यात जातात. त्यांचे पैसे कुणी देत नाही. उरले बारा दिवस. दर आला ४,५०० रुपये. आकडे तुमचे वेगळे असतील, पण पद्धत हीच.

पैसे वेळेवर येत नाहीत, ही तक्रार सगळ्यांची. त्यावर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. उद्यम नोंदणी करून सेवा दिली तर ग्राहकानं ठरलेल्या मुदतीत, आणि कमाल ४५ दिवसांत, पैसे देणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी मात्र काम घेण्याआधी करा, भांडण झाल्यावर नको. दुसरा मुद्दा हक्कांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं सर्वसाधारणपणे मालकाचं. स्वतंत्र लेखकानं लिहिलेला लेख त्याचाच, लेखी करारानं तो देईपर्यंत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचं मानतात. म्हणून सही करण्याआधी वाचा. आणि तिसरं, नोकरीत असतानाच बाहेरची कामं घेत असाल तर नेमणूकपत्र काढून बघा. सरकारी नोकरांना तर वर्तणूक नियम लागू आहेत, परवानगीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही.

नोकरी कधी सोडावी? माझं मत असं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. आरोग्य विमा स्वतःच्या नावावर असावा. किमान तीन ग्राहक असावेत आणि एकाकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येऊ नये, नाहीतर तो ग्राहक नाही, तो बिनरजेचा साहेब आहे. आणि त्यांतला एक तरी बलुत्यासारखा असावा. गावात सुतार प्रत्येक खिळ्याचे पैसे मागत नसे. सुगीला धान्य ठरलेलं असे. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती, ती परत नको. पण दरमहा ठरलेलं काम आणि ठरलेली रक्कम ही त्यातली कल्पना उचलण्यासारखी आहे.

स्वतंत्र या शब्दात 'तंत्र' आहे. तंत्र म्हणजे व्यवस्था. साहेब गेला की व्यवस्था जात नाही, ती आपल्याला लावावी लागते. उठण्याची वेळ, हिशेबाची वही, सुट्टीचा दिवससुद्धा. ज्याला हे ओझं वाटतं त्यानं नोकरी करावी, त्यात कमीपणा काहीच नाही. नोकरी करत चांगला ब्लॉग लिहिणारा माणूस अपुरा नसतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : आता यंत्रच लेख लिहितं, मग आम्हाला कोण विचारणार?)

प्रश्न रास्त आहे. नुसते शब्द मोजून देण्याच्या कामाचा भाव पडणार, हे मान्य करून चला. पण आपल्या उदाहरणातले सचिव परिच्छेद विकत घेत नव्हते. कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे जिला ठाऊक आहे, आणि चूक झाली तर जी फोन उचलेल, अशी व्यक्ती ते शोधत होते. तुमच्या कामात असा भाग किती आहे, ते आज रात्री कागदावर लिहून काढा. तो थोडा असेल तर नोकरी सोडायची वेळ अजून आलेली नाही.