सूड मागतो कोण? : ‘हॅम्लेट’चे भूत पडद्यावर

आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) मी वाचले, तेव्हा मूळ ‘हॅम्लेट’ वाचण्याइतके इंग्रजी मला येत नव्हते. पुढे शब्दकोश हाताशी घेऊन तेही वाचले आणि त्यावरचे चित्रपट पाहत गेलो. नाटकाचा चित्रपट करताना काय गाळायचे, याची चर्चा पुष्कळ होते. केनेथ ब्रानाने १९९६ मध्ये संपूर्ण संहिता घेतली, तर चित्रपट चार तासांचा झाला. लॉरेन्स ऑलिव्हिएने १९४८ मध्ये फोर्टिनब्राससारखी पात्रेच वगळली. मला मात्र त्याहून अवघड प्रश्न वेगळा वाटतो. सूड मागणाऱ्याला पडद्यावर उभे कसे करायचे?

नाटकात बापाचे भूत पहारेकऱ्यांनाही दिसते. खुनाची हकीकत मात्र एकटा हॅम्लेट ऐकतो. हा बाप की सैतान, ही शंका त्याला पोखरते. म्हणून तर तो तसाच खून नाटकातून चुलत्यापुढे करवून पाहतो. भुताचे रूप बदलले की ही शंकाही बदलते.

ऑलिव्हिएने भूत धुक्यात ठेवले आणि त्याला स्वतःचाच आवाज संथ करून दिला. त्यामुळे सूडाची आज्ञा हॅम्लेटच्याच मनातून उठल्यासारखी वाटते. कोझिंत्सेव्हच्या रशियन चित्रपटात (१९६४) वाऱ्यावर फडफडणारा प्रचंड झगा दिसतो. तिथे बाप कमी आणि राजा जास्त भासतो.

विशाल भारद्वाजच्या ‘हैदर’मध्ये (२०१४) भूतच नाही. १९९५ च्या काश्मीरमध्ये लष्कराने नेलेला डॉक्टर बाप परतत नाही. त्याच्याबरोबर कैदेत असलेला रूहदार निरोप घेऊन येतो. निरोप्या जिवंत माणूस आहे. म्हणून इथे शंका सैतानाची उरत नाही. हा माणूस कोणाचा, त्याचा हेतू काय, असा प्रश्न येतो.

याचा परिणाम शेवटावर होतो, असे माझे मत आहे. मूळ नाटकात मरता मरता हॅम्लेट चुलत्याला मारतो. ‘हैदर’मध्ये आई सूडाविरुद्ध बोलते आणि स्वतःला स्फोटात संपवते. पाय गमावलेला चुलता समोर तडफडत असताना हैदर बंदूक रोखतो, पण गोळी न झाडता निघून जातो. भुताच्या आज्ञेला नाही म्हणणे कठीण. ती परलोकातून आलेली असते. माणसाने आणलेल्या निरोपाला दुसरे माणूस उत्तर देऊ शकते. इथे ते आईने दिले.