बोरिवलीच्या वनातील सोप्या वाटा : नव्याने चालू लागणाऱ्यांसाठी

व्यापारी घरातील माणसाचा दिवस बहुतांशी बैठा असतो. सकाळी देवदर्शन आटोपून दुकान उघडायचे, गादीवर किंवा गल्ल्यामागे बसायचे, दुपारचे जेवण तेथेच डब्यातून घ्यायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी चौविहारासाठी घाईघाईने घरी यायचे. आजोबांच्या पिढीने आठवडी बाजारांसाठी पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव पायपीट केली. आता माल दारात टेम्पोने येतो आणि उधारी मोबाइलवर वसूल होते. चातुर्मास संपून महाराजसाहेबांचा विहार सुरू झाला की आपण त्यांना निरोप देण्यासाठी गावाच्या वेशीपर्यंत चालत जातो. सत्तरी ओलांडलेले मुनिवर अनवाणी पुढे निघून जातात आणि चाळिशीतले आपण मैलाच्या दगडाशी धापा टाकत थांबतो. हे दृश्य बहुतेक गावांत दिसते आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही आता आपल्या घरांची कौटुंबिक दुखणी झाली आहेत.

धाटाव-रोह्याच्या कुटुंबांना चालण्यासाठी जागा मिळणे हा एक वेगळाच प्रश्न आहे. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवर टँकर आणि ट्रक यांची वर्दळ असते. पहाटेच्या धूसर उजेडात तेथे चालणे धोक्याचे. रोह्यात कुंडलिकेच्या काठाने थोडे फिरता येते आणि रोजच्या सरावासाठी तेवढे पुरेसेही आहे. परंतु वर्षातून चार-सहा वेळा तरी खरेदी, लग्नकार्य किंवा नातेवाइकांची भेट या निमित्ताने आपण मुंबईला जातोच, आणि आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे, बहिणी, व्याही बोरिवली-कांदिवली भागात राहतात. त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे वन महानगराच्या पोटात उभे आहे. मुंबईला पाणी पुरवणारे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन्ही तलाव याच वनाच्या कुशीत आहेत. जुनी माणसे अजूनही त्याला ‘नॅशनल पार्क’ एवढेच म्हणतात. पाहुण्यांना मॉल दाखवण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याऐवजी एक सकाळ येथे घालवावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

किती चालावे, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो. त्याचे माप आपल्याकडे आधीपासून तयार आहे. सामायिकाचा काळ दोन घटकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. तेवढा वेळ एका जागी स्थिर बसण्याचा अभ्यास ज्याला आहे, त्याला तेवढाच वेळ चालणे अवघड वाटू नये. २४ मिनिटे पुढे जावे, घड्याळ पाहावे आणि तेथूनच मागे फिरावे. मग ठिकाण आले असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. अशा चार फेऱ्यांत ते माप भरून वर थोडी शिल्लकही उरते. किलोमीटर मोजण्याचा हव्यास सुरुवातीला करू नये. पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर चालून पुढे आठवडाभर गुडघ्याला तेल चोळत बसणारे उत्साही वीर प्रत्येक कुटुंबात एखादे असतातच.

पहिली वाट अगदी प्रवेशद्वारापासून सुरू होते. बोरिवली पूर्वेला द्रुतगती महामार्गालगत मुख्य दरवाजा आहे. आत शिरल्यावर डांबरी, रुंद आणि बहुतांशी सपाट रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना सावली आहे, जवळून दहिसर नदी वाहते. ही नदी तुळशी तलावाकडून येते आणि उद्यानातून बाहेर पडेपर्यंत ती खरोखर नदीसारखी दिसते. पुढे शहरात तिचे काय होते ते न पाहिलेले बरे. याच भागात नौकाविहाराचे तळे आणि गांधी टेकडी आहे. टेकडीवर महात्मा गांधींच्या स्मरणार्थ छोटेखानी मंडप उभारला आहे. ज्यांना दम लागतो किंवा ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनी टेकडी चढू नये. पायथ्यापाशी बसून परत यावे. सासूबाईंना, लहान नातवंडांना आणि शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिलेल्या माणसाला ही वाट सर्वांत योग्य. दम लागला तर पाच मिनिटांत माणसांत परतता येते, हा तिचा मोठा गुण.

दुसरी वाट आपल्या वाचकांसाठी विशेष जिव्हाळ्याची आहे. याच परिसरात पोदनपूर येथे त्रिमूर्ती दिगंबर जैन मंदिर आहे. भगवान आदिनाथ आणि त्यांचे दोन पुत्र भरत व बाहुबली यांच्या भव्य उभ्या मूर्ती तेथे आहेत. बाहुबलींच्या राजधानीचे नाव परंपरेत पोदनपूर असेच येते. श्वेतांबर असो वा दिगंबर, दर्शनाला जाण्यास कोणाचीच आडकाठी नसावी. दर्शनाची ओढ असली की पाय आपोआप उचलतात, हा आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा अनुभव आहे. केवळ ‘चला, व्यायाम करू’ म्हटल्यावर न उठणाऱ्या आजी ‘चला, दर्शनाला’ म्हटल्यावर चपला शोधू लागतात. वर्षभर एका जागी कायोत्सर्गात उभ्या राहिलेल्या, ज्यांच्या पायांवर वेली चढल्या त्या बाहुबलींपुढे चालण्याचे महत्त्व सांगणे थोडे विचित्र वाटेल खरे. पण ती स्थिरता वेगळी आणि गल्ल्यामागची आपली स्थिरता वेगळी.

तिसरी वाट कान्हेरी लेण्यांची. मुख्य दरवाजापासून लेण्यांपर्यंतचे अंतर सुमारे सहा-सात किलोमीटर आहे आणि शेवटच्या टप्प्यात चढ लागतो. नवशिक्याने ती एकदम पूर्ण करू नये. पहिल्या काही खेपांना आपला ४८ मिनिटांचा नियम पाळून अर्ध्यातून मागे फिरावे. पुढे पाय तयार झाले की एका बाजूने चालावे आणि दुसऱ्या बाजूने उद्यानाच्या बसने यावे. बरेच जण बसने वर जाऊन उतार चालत येणे पसंत करतात, कारण दम लागत नाही. परंतु उतारावर भार गुडघ्यांवर येतो. ज्यांचे श्वसन कमजोर आहे त्यांनी उतार निवडावा; ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सावकाश चढावे आणि बसने उतरावे.

कान्हेरीची लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सुरुवात होऊन पुढे जवळजवळ एक हजार वर्षे येथे काम आणि वस्ती होती. शंभराहून अधिक गुंफा बेसॉल्टच्या एकाच डोंगरात आहेत. मात्र व्यापारी माणसाने तेथे जाऊन केवळ मूर्ती पाहू नयेत, भिंतींवरील ब्राह्मी अक्षरांपुढेही थांबावे. त्या दानाच्या नोंदी आहेत, आणि दाते बहुतांशी आपल्यासारखेच लोक आहेत : कल्याण आणि सोपारा येथील व्यापारी, सुवर्णकार, रत्नांचे कारागीर, त्यांच्या माता, पत्नी, मुली. कोणी गुंफा दिली, कोणी बसण्याचा दगडी बाक, कोणी पाण्याचे टाके, कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठी कायम ठेव. एका लेखात चेमुल येथील सुवर्णकार कुटुंबाने दिलेल्या पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. चेमुल म्हणजे आपले चौल. धाटाव आणि रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका ज्या रेवदंड्याच्या खाडीने समुद्राला मिळते, तिच्या लगतचेच हे प्राचीन बंदर. आपल्या खाडीच्या तोंडाशी पेढी चालवणाऱ्या कोणा घराण्याने कृष्णगिरीच्या डोंगरावर वाटसरूंच्या आणि साधकांच्या तहानेची सोय केली होती. खडकात खोदलेली अशी टाकी व त्यांत पाणी आणणारे पन्हाळ कान्हेरीत जागोजागी दिसतात. दानाची रक्कम, ठेव, व्याज, त्या व्याजातून होणारा खर्च हे सारे त्या लेखांत इतके नेमके आहे की जमाखर्चाच्या वहीची सवय असलेल्या डोळ्यांना ते परके वाटत नाही. लेण्यांसाठी पुरातत्त्व खात्याचे वेगळे तिकीट घ्यावे लागते, आणि पायऱ्या दगडात कोरलेल्या व काही ठिकाणी झिजलेल्या असल्याने वृद्धांचा हात धरावा.

शिलोंड्याची पायवाट ओढ्याच्या काठाने जाते आणि फार रम्य आहे, पण ती दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावी. तेथे परवानगी आणि माहीतगार सोबत लागते. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राकडे त्याची चौकशी करावी. या वनात बिबट्यांची वस्ती आहे. आडवाटांवर एकट्याने, विशेषतः पहाटे व सायंकाळी जाणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. ज्यांना कारवीचा फुलोरा पाहायचा असेल त्यांना थोडी वाट पाहावी लागेल : ती आठ वर्षांतून एकदा फुलते, येथे २०१६ आणि २०२४ साली फुलली होती.

आता एक विषय थोडा स्पष्टपणे मांडतो, कारण तो आपल्या समाजाशी निगडित आहे. उद्यानात माकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना शेंगदाणे, खाखरे, केळी घालणाऱ्यांत आपली माणसे कमी नसतात. हेतू जीवदयेचा असतो, पण परिणाम तसा होत नाही. आयते खाण्याची सवय लागलेली माकडे रस्त्यावर येतात आणि वाहनांखाली सापडतात. ती लहान मुलांच्या हातांतील पिशव्या हिसकावतात, चावतात आणि मग त्यांनाच पकडून नेण्याची मागणी होते. तळलेले, खारवलेले अन्न त्यांच्या पोटाला मानवत नाही ते वेगळेच. राष्ट्रीय उद्यानात वन्य प्राण्यांना खाऊ घालण्यास मनाईही आहे. ज्या वनात त्यांचा आहार झाडांवर आहे, तेथे त्यांना काही न देणे हीच दया ठरते. दान करण्याची इच्छा अनावर झाली तर ती पांजरापोळाकडे वळवावी. पिशवी झिप असलेली असावी आणि तीत खाद्यपदार्थांचा वास येऊ नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या तर नेऊच नयेत.

चालताना दृष्टी कोठे असावी, हेही आपल्या शास्त्राने सांगून ठेवले आहे. ईर्यासमितीत साधूने पुढची सुमारे चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे, असा नियम आहे. मुंगी वाचते आणि ठेचही लागत नाही. कानात हेडफोन व हातात मोबाइल घेऊन चालणाऱ्यास दोन्ही लाभ नाहीत. पावसाळ्यात कडेच्या गवतावरून आणि शेवाळावरून चालू नये; शेवाळ अनंतकाय मानले आहे आणि ते निसरडेही असते. त्या चार महिन्यांत डांबरी रस्ता सोडूच नये. बूट घेताना त्यात चामडे नाही ना, हे विचारून घ्यावे. खेळाच्या बुटांतही पुष्कळदा ते असते आणि विक्रेता आपण होऊन सांगत नाही. उकळून गार केलेले पाणी घरून धातूच्या बाटलीत न्यावे.

सकाळी चालायला येणाऱ्यांना उद्यानात लवकर प्रवेश मिळतो, त्यामुळे नवकारशी पाळणाऱ्यांना फेरी पूर्ण करून मग पारणे करता येते. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी चालण्याआधी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. साखर अचानक उतरली तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि अशा वेळी नियमापेक्षा जीव मोठा असतो. त्यांनी सोबत खडीसाखर ठेवावी, आणि एकटे जाऊ नये. उपवासाच्या किंवा आयंबिलाच्या दिवशी लांबची वाट टाळावी.

रोह्याहून दिव्यापर्यंत रेल्वेने, तेथून दादरमार्गे किंवा वसईमार्गे बोरिवलीला जाता येते. त्याच दिवशी जाऊन चालून परतणे दगदगीचे होते. आदल्या सायंकाळी नातलगांकडे मुक्काम करावा, म्हणजे चौविहारही वेळेत होतो. उद्यान सोमवारी पर्यटकांसाठी बंद असते. ज्यांच्या बाजारपेठेची साप्ताहिक सुट्टी सोमवारी येते, त्यांनी रविवारी दुपारी दुकान लवकर बंद करण्याऐवजी एखादा मधला वार धरावा. रविवारी तेथे फार गर्दी होते, आणि बुधवारी-गुरुवारी सकाळी रस्ता जवळजवळ आपल्या एकट्याचा असतो.