लवंगेचा वास येतो कुठून?

मसाल्याचा डबा उघडला की डोळे मिटूनही आपण सांगतो, ही लवंग, ही दालचिनी, ही बडीशेप. पण झाड हा वास बनवतं कशासाठी?

पावसाळ्यात ओढ्याकाठच्या दगडांवर, विहिरीच्या ओल्या भिंतीवर हिरवी, चपटी, दगडाला चिकटलेली पानं दिसतात. आपण सगळ्याला शेवाळच म्हणतो. पण त्यातल्या काही लिव्हरवर्ट नावाच्या वनस्पती असतात. त्यांना फूल नाही, बी नाही, खरं मूळ नाही. काटा नाही की जाड साल नाही. गोगलगाय खायला आली तर बिचारीनं करायचं काय? म्हणून तिच्या पेशींत तेलाचे बारीक थेंब साठवलेले असतात. ते तेल गोगलगायीला आणि किड्यांना नकोसं वाटतं. म्हणजे आपल्याला जो वास, ते झाडाचं कुंपण!

आता लवंगेकडे वळू. लवंगेत युजेनॉल असतं, ओव्यात थायमॉल, दालचिनीत सिनामाल्डिहाइड, बडीशेपेत अ‍ॅनेथॉल. नावं अवघड आहेत, पाठ करू नका. एवढंच लक्षात ठेवा, की या सगळ्यांत कार्बनचे सहा कण भोंडल्याला फेर धरावा तसे गोल उभे असतात. त्या फेराला बाहेरून कोण जोडलंय, त्याप्रमाणे वास बदलतो. लिव्हरवर्टच्या तेलातही असे फेर धरलेले पदार्थ सापडतात.

हे पदार्थ हवेत उडतात, म्हणून तर वास येतो. अख्ख्या लवंगेत तेल आत कोंडलेलं असतं. दळली की ते मोकळं होतं आणि उडू लागतं. म्हणून मसाला लागेल तेवढाच कुटावा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. गट मसाला विकत असेल तर हे विसरू नका. वास उडालेल्या मसाल्याला गिऱ्हाईक परत येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय?’ असं आपण सहज म्हणतो. पण कुंपणाला काटे असतातच. युरोपात आणि कॅनडात झाडांच्या सालीवर फ्रुलानिया नावाची लिव्हरवर्ट वाढते. तिला हात लागून लाकूडतोड्यांच्या अंगावर पुरळ उठतं, खाज सुटते. भाजीतल्या दोन लवंगांनी काही बिघडत नाही. पण लवंगेच्या तेलात निम्म्याहून जास्त युजेनॉलच असतं. लहान मुलानं ते तेल प्यायलं तर झटके येऊ शकतात, यकृताला इजा होऊ शकते. कापूर आणि निलगिरीचं तेलही पोटात गेलं तर तसंच धोक्याचं.

म्हणून दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना लवंगेचं तेल चोळू नका. अशा बाटल्या आणि कापराची डबी देवघरात खाली ठेवू नका, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. चुकून मुलानं प्यायलंच, तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. बाटली सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा, किंवा १०८ ला फोन करा.

आज घरी गेल्यावर आधी ती बाटली कुठे आहे ते बघा. पुढच्या बैठकीत बाकीच्या बायांनाही सांगा.