वाद्यांची सावली

हिंगोली जिल्ह्यात चैत्र लागला की शिजवलेल्या हळदीच्या कांड्या खळ्याखळ्यांवर उन्हात पसरलेल्या दिसतात, आणि नेमका तोच काळ गावोगावी मांडव घालण्याचा असतो. लग्नसराई, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती व तिच्या निमित्ताने पुढे कित्येक दिवस चालणारे भीमगीतांचे कार्यक्रम, ठिकठिकाणच्या यात्रा, या साऱ्यांच्या वाट्याला हाच हंगाम आलेला आहे. म्हणजे ज्या उन्हात हळद खणखणीत वाळते त्याच उन्हाला तोंड देत की-बोर्ड, ऑक्टापॅड, मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरचे बॉक्स यांची मांडणी उघड्या मैदानात करावी लागते.

लोकशाहीर वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) पिढीने भीमगीत खेडोपाडी नेले ते मुख्यतः आवाज, पेटी आणि ढोलकी यांच्या बळावर. त्या वाद्यांनाही उन्हाची बाधा होतच असे, परंतु ती कानाला कळणारी बाधा होती: कोरड्या उष्म्याने ढोलकीचे कातडे ताणले जाई, सूर चढे, आणि वादक दोन गाण्यांच्या मध्ये तो पुन्हा मिळवून घेई. १९८५ साली रोलँड कंपनीचे ऑक्टापॅड बाजारात आले, पुढे की-बोर्ड आवाक्यात आले, आणि गायन पार्टीचे रूप पालटले. या नव्या वाद्यांचा सूर उन्हाने ढळत नाही, कारण तो आतल्या स्फटिकाच्या कंपनांवर बेतलेला असतो. ऊन त्यांना पोखरते ते मुकाट्याने, आणि एके दिवशी भर कार्यक्रमात बोटाखालची पट्टी दाबली तरी ध्वनी उमटत नाही. ढोलकीवाला ऐकून सावध होऊ शकतो, की-बोर्डवाल्याला मात्र आधीच सावध असावे लागते, हा या दोन काळांतील फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

कळमनुरी तालुक्यातील एका गावी जयंतीच्या कार्यक्रमाची मांडणी चाललेली मी दुपारभर पाहत होतो. पार्टीतला वयाने वडील असलेला साऊंडवाला टेम्पोतून उतरला, त्याने एकाही पेटीला हात लावला नाही, प्रथम मंचाभोवती एक फेरी मारली, मावळतीकडे पाहिले, आणि मांडववाल्याला म्हणाला, "मामा, ह्या अंगची कनात आधी बांधा, बाकीचं मागून करू." पश्चिमेची तिरपी किरणे छताखालून आत शिरतात आणि कार्यक्रमाच्या आधीचे दोन-अडीच तास नेमकी वाद्यांच्या तोंडावर पडतात, हे त्याचे गणित. कनात बांधून होईपर्यंत की-बोर्ड लिंबाच्या सावलीत बाजेवर राहिला, अंगावर पांढरी चादर. टेम्पोत तो ठेवला नाही, कारण उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनाच्या पोटातील हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी सहज तापते.

अनेक की-बोर्डांच्या माहितीपुस्तिकांत वापराची मर्यादा ५ ते ४० अंश सेल्सियस अशी छापलेली असते. येथे वैशाखात वेधशाळेचा आकडाच ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि तो आकडाही सावलीतल्या, हवा खेळत असलेल्या पेटीतला असतो. काळ्या प्लास्टिकच्या वाद्यावर थेट ऊन पडले तर त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. पडदा काळाठिक्कर पडणे हे त्याचे पहिले लक्षण. पडद्यातील द्रवस्फटिकांची शिस्त उष्णतेने मोडते, अक्षरे बुडून जातात, आणि निवल्यावर ती बहुधा परत येतात. जे परत येत नाही ते आत घडते: विद्युत साठवणारे जे छोटे नळकांडीसारखे कपॅसिटर असतात त्यांच्यातील द्रव हळूहळू सुकतो, आणि दर १० अंशांच्या वाढीमागे त्यांचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते असा त्या विद्येतील ठोकताळा आहे. एकेका उन्हाळ्याचा हा हिशेब यंत्राच्या खाती जमा होत राहतो.

पण सूर्य हा निम्माच शत्रू होय. ॲम्प्लिफायर, ज्याला या धंद्यात सगळे नुसते 'मशीन' म्हणतात, ते स्वतःच उष्णता निर्माण करते. जुन्या पद्धतीची जड मशीने घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत घालवतात. नव्या, वजनाने हलक्या मशीनांत हा अपव्यय पुष्कळ कमी असतो. ही उष्णता ॲल्युमिनियमच्या पात्यांवाटे हवेत सोडली जाते, आणि सोडण्याचा वेग पात्यांचे तापमान व भोवतालचे तापमान यांच्या अंतरावर अवलंबून असतो. पाती ७५ अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर अंतर ५० चे. हवाच ४३ अंशांवर गेली तर ते ३२ वर येते, म्हणजे मशीनची निवण्याची शक्ती एक तृतीयांशाहून अधिक कमी होते, आणि तीही एखाद्या पंख्यात काळ्या मातीची धूळ अडकलेली नसेल तर. तापमान हद्दीबाहेर गेले की मशीन आपण होऊन आवाज तोडते. लोक ओरडतात, साऊंडवाल्याला बोल लावतात. खरे तर त्या क्षणी मशीनने स्वतःला जळण्यापासून वाचवलेले असते.

त्या दुपारी मांडववाल्याने शोभेसाठी मंचाच्या कडेने सॅटिनची झालर लावली, ती मशीनांच्या रॅकवरूनही गेली. साऊंडवाल्याने ती हाताने बाजूला केली. "मामा, ही तेवढी इथं नको. हवा कोंडते." कोणत्या मशीनचा पंखा पुढून हवा घेतो आणि कोणत्याचा मागून, हे हाताचा तळवा धरून त्याने पाहिले आणि दोन मशीनांमध्ये लाकडी पट्ट्या घालून बोटभर फट ठेवली. वर ताडपत्री होतीच. तिच्याखाली वीतभर अंतर सोडून त्याने साधे सुती कापड ताणले, कारण तापलेली ताडपत्री स्वतःच खाली उष्णता फेकते, आणि मधली हवा मोकळी असली तर ती उष्णता वाहून जाते. याच ताडपत्रीत वाद्य घट्ट गुंडाळून ठेवणारेही मी पाहिले आहेत; ते अवकाळी पावसापुरते ठीक, उन्हापुरते घातक. वाऱ्याच्या दिशेला त्याने ओले तरट टांगले, तेही वाद्यांपासून चांगले लांब. मराठवाड्याची उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की ओल्या तरटातून येणारी झुळूक खरोखर गार लागते. मात्र पाण्याचा तुषार यंत्रात गेला तर त्यातील क्षार मागे राहून तांब्याच्या रेषा खातात, म्हणून हे अंतर.

बॉक्सची तऱ्हा वेगळी. स्पीकरला पुरवलेल्या शक्तीचा अगदी अल्प भाग ध्वनी होतो, उरलेली शक्ती कॉईलमध्ये उष्णता होऊन राहते. तांब्याचा विद्युत्रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे कॉईल १०० अंशांनी तापली की तो जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढलेला असतो. आवाज दबतो, मंडळी "आवाज वाढवा" म्हणतात, नवखा माणूस तो वाढवतो, कॉईल आणखी तापते, आणि अखेरीस जळक्या वासाने निकाल लागतो. जाणता माणूस अशा वेळी आवाज किंचित उतरवतो, निवेदकाला दोन शब्द जास्त बोलायला सांगतो आणि बॉक्सना विसावा मिळवून देतो.

रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवू नये हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे, आणि राज्य सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवशीच त्यास १२ पर्यंत सवलत मिळते. दंडक योग्यच आहे. गावातील आजाऱ्यांना व लेकरांना झोप हवी. पण त्याचा एक परिणाम असा की जो कार्यक्रम जेवणखाण आटोपून निवांत सुरू झाला असता तो संध्याकाळी, मंचाचे पत्रे अजून तापलेले असतानाच सुरू करावा लागतो, आणि मांडणी व आवाजाची चाचणी तर भर उन्हातच येते. विसार देताना संयोजक मंच किती फुटांचा आणि जनरेटर कोणाचा हे बारकाईने ठरवतात. वाद्यांवर सावली कोणी, केव्हापासून धरायची याचा उल्लेखही होत नाही, आणि पार्टीला ती तजवीज आपल्या अंगावर घ्यावी लागते. ही अट विसाराच्या वेळीच बोलली जावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण त्या की-बोर्डापायी कुणीतरी कर्ज काढलेले असते.

कार्यक्रम संपल्यावर साऊंडवाल्याने मशीने लगेच बंद केली नाहीत. आवाज शून्यावर आणून पंखे फिरते ठेवले, तोवर पोरांनी वायरी गुंडाळल्या. मग हात लावून पाहून एकेक मशीन बंद केले, आणि बॉक्सवरच्या गाद्यांच्या खोळी टेम्पोत चढवण्याच्या अगदी शेवटी घातल्या. दुसऱ्या दिवशी सेनगावच्या बाजूला दुपारच्या मुहूर्ताचे लग्न होते. तेथे मांडव कोणत्या तोंडाचा आहे, हे तो फोनवर विचारत होता.