गीसेन येथील परदेशी विद्यार्थ्यांचा वर्ग

निरनिराळ्या देशांतून आलेले, निरनिराळ्या भाषा बोलणारे आणि कमीअधिक तयारीचे विद्यार्थी एकाच वर्गांत बसले म्हणजे शिक्षकाचें काम फार कठीण होतें, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अगदींच खोटा नाहीं. जो दृष्टान्त एकास चटकन् समजतो, तो दुसऱ्यास समजत नाहीं. एकाची भाषा अडखळते, तर दुसऱ्याचें गणित कच्चें असतें. परंतु असा वर्ग चालविणाऱ्या शिक्षकास आपल्या श्रमांचें जें फळ मिळतें, तें इतरत्र क्वचितच मिळत असेल. ह्याचें उत्तम उदाहरण म्हणजे जर्मनींतील गीसेन ह्या लहानशा गांवीं रसायनशास्त्राचे अध्यापक युस्टुस लीबिग ह्यांनीं १८२४ पासून १८५२ पर्यंत चालविलेला वर्ग होय. तो वर्ग कसा चालत असे, आणि त्यापासून शिक्षकास व जगास काय मिळालें, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

लीबिग ह्यांचा जन्म १८०३ सालीं डार्मस्टाट शहरीं झाला. त्यांचे वडील औषधी द्रव्यें व रंग विकणारे व्यापारी असल्यामुळें रसायनांचा नाद त्यांस घरींच लागला. पुढें हेसच्या ग्रँड ड्यूकनें दिलेल्या द्रव्यसाहाय्यावर ते १८२२ मध्यें पॅरिसला शिकावयास गेले. म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे हे गुरु प्रथम स्वतःच परदेशी विद्यार्थी होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें आपले प्रयोग मांडून झाल्यावर हा संकोची तरुण सामान आवरीत असतां, सभासदांपैकीं एक गृहस्थ आपण होऊन त्याजपाशीं आले आणि त्यांनीं मोठ्या आपुलकीनें त्याच्या अभ्यासाची चौकशी केली. ते कोण, हें विचारण्याचाही धीर त्यास झाला नाहीं. ते सुप्रसिद्ध प्रवासी व शास्त्रज्ञ अलेक्झांडर फोन हुंबोल्ट होते. त्यांच्या शब्दामुळें गे-ल्युसॅक ह्या थोर रसायनवेत्त्याची खाजगी प्रयोगशाळा लीबिग ह्यांस खुली झाली. ती सामान्यतः विद्यार्थ्यांसाठीं नसे. ओळखदेख नसलेल्या परक्या मुलावर झालेला हा उपकार लीबिग कधींही विसरले नाहींत. १८४० मध्यें प्रसिद्ध झालेला आपला कृषिरसायनावरील ग्रंथ हुंबोल्ट ह्यांस अर्पण करतांना त्यांनीं ही हकीकत कृतज्ञतापूर्वक नमूद केली आहे.

हुंबोल्ट ह्यांच्याच शिफारशीवरून १८२४ मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, लीबिग ह्यांची गीसेनच्या विद्यापीठांत नेमणूक झाली. विद्यापीठाचें मत न घेतां नेमणूक झाल्यामुळें सहकाऱ्यांकडून त्यांचें स्वागत थंडच झालें. जागा मिळाली ती एका जुन्या लष्करी बराकीच्या पहाऱ्याच्या इमारतींत, आणि पहिलीं कांहीं वर्षें खर्चाचा पुष्कळसा भार त्यांच्या स्वतःच्या तुटपुंज्या वेतनावरच पडे. आरंभीचे विद्यार्थी बहुतेक औषधें तयार करण्याचा धंदा शिकणारे, जवळपासच्या प्रांतांतलेच होते. मग अशा ठिकाणीं दूरदेशचे तरुण कां येऊं लागले?

पहिलें कारण एक कांचेचें उपकरण हें होय. वनस्पति व प्राणी ह्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत कार्बन व हायड्रोजन किती आहे, हें ठरविण्याची रीत त्या काळीं इतकी बिकट होती कीं, थोड्या निष्णात लोकांनाच ती साधे. १८३१ मध्यें लीबिग ह्यांनीं ती सोपी केली. तपासावयाचा पदार्थ वजन करून तांब्याच्या ऑक्साइडबरोबर कांचेच्या नळींत घालावयाचा व कोळशाच्या विस्तवावर तापवून पुरा जाळावयाचा. त्यांतून निघणारी पाण्याची वाफ कॅल्शियम क्लोराइड भरलेल्या नळींत शोषली जाते. कार्बन डायऑक्साइड वायु त्यापुढील पांच फुग्यांच्या, त्रिकोणी आकाराच्या कांचेच्या उपकरणांतील कॉस्टिक पोटॅशच्या द्रवांत अडकतो. दोहोंचें वजन आधीं व नंतर करावें, म्हणजे झालें. कार्बन डायऑक्साइडच्या ११ भागांत ३ भाग कार्बन, आणि पाण्याच्या ९ भागांत १ भाग हायड्रोजन असतो. तेव्हां वाढलेल्या वजनावरून उत्तर साध्या त्रैराशिकानें निघतें. ह्या उपकरणाची आकृति अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हांत आजही दिसते.

ह्या साधनाचा शिकविण्याशीं संबंध कसा, तें पहा. जें काम पूर्वीं एखाद्या असामान्य हातासच जमे, तें आतां मेहनती विद्यार्थ्यास कांहीं महिन्यांत शिकतां येऊं लागलें. शिवाय तराजूस कोणाची भाषा नाहीं. जर्मन मुलानें केलें काय किंवा इंग्रज मुलानें केलें काय, काम चोख असेल तर उत्तर एकच येणार. आणि चुकलें असेल तर तें कोणाच्या वक्तृत्वानें झांकतां येणार नाहीं. ज्या वर्गांत बोलणें तोकडें पडतें, तेथें सर्वांस समान असें एक काम हातीं देणें हाच खरा दुवा होय.

दुसरें कारण त्यांची शिकविण्याची पद्धति. नवशिक्यांस साहाय्यकांच्या देखरेखीखालीं पदार्थ ओळखण्याचें व मोजण्याचें पद्धतशीर शिक्षण मिळे. पुढें गेलेल्यांना मात्र लीबिग प्रत्येकीं एक प्रश्न नेमून देत आणि मग वाट दाखवीत नसत. रोज सकाळीं प्रत्येकानें काल काय केलें आणि आज काय करण्याचा विचार आहे, हें त्यांस सांगावयाचें. ते मान्यता देत किंवा आक्षेप काढीत. परंतु मार्ग ज्याचा त्यानें शोधावयाचा. असे सर्वांचे वृत्तान्त सर्वांच्या कानीं पडत, त्यामुळें एकाच्या अनुभवानें दुसरा शहाणा होई. हिंवाळ्यांत आठवड्यांतून दोनदां चालू प्रश्नांचें समालोचन होई. गांवांत करमणुकीचीं साधनें नव्हतीं, म्हणून उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. तक्रार काय ती ऑबेल नांवाच्या नोकराची असे. कारण झाडलोट करण्याची वेळ झाली तरी मंडळी प्रयोगशाळेंतून हालत नसत!

हळूहळू इंग्लंड, स्कॉटलंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड, रशिया आणि अमेरिका येथून विद्यार्थी येऊं लागले. १८३९ मध्यें इमारत वाढवावी लागली. ती वाढविणारे शिल्पज्ञ हॉफमान ह्यांचा मुलगा ऑगस्ट विल्हेल्म हा कायदा व भाषा सोडून रसायनशास्त्राकडे वळला. १८४२ च्या सुमारास ट्राउटशोल्ड ह्या चित्रकारानें ह्या प्रयोगशाळेचें चित्र काढलें. त्यांत हा हॉफमान आहे, तक्रार करणारा ऑबेल आहे, आणि समुद्रापलीकडून आलेला मेक्सिकोचा विसेंते ओर्तिगोसाही आहे.

ह्या सर्वांपासून गुरूला काय मिळालें? एक तर, एका माणसाच्या दोन हातांनीं जें काम जन्मभरांत झालें नसतें, तें अनेक हातांनीं थोड्या वर्षांत झालें. ओर्तिगोसानें तंबाखूंतील निकोटीनचें पृथक्करण केलें. अमेरिकेच्या हॉर्सफर्डनें निरनिराळ्या धान्यांची पोषणशक्ति तपासली. इतरांनीं वनस्पतींच्या राखेंतील क्षार मोजले. दुसरें असें कीं, शिष्यांनीं गुरूचा शब्द प्रयोगावर घासून पाहिला. पिकांस लागणारा नायट्रोजन हवेंतून पुरेसा मिळतो, खतांत मुख्यतः खनिज क्षार असावे, असें लीबिग प्रतिपादीत. जोसेफ हेन्री गिल्बर्ट हा त्यांचाच इंग्रज शिष्य १८४३ पासून रॉथॅमस्टेड येथें लॉज ह्यांच्याबरोबर शेतांवर प्रयोग करूं लागला, तेव्हां गव्हाच्या पिकास नायट्रोजनयुक्त खताचीही गरज असते, असें दिसून आलें. लीबिग ह्यांस हा विरोध मुळींच रुचला नाहीं आणि मोठा वाद माजला. स्वभावानें ते तापटच होते. परंतु स्वतंत्रपणें मार्ग शोधण्याची सवय शिष्यास कोणी लावली, हें विचारांत घेतलें, म्हणजे हा विरोधही त्यांच्याच शिकवणीचें फळ ठरतो.

असे श्रम फुकट होत नसतात. १८५२ मध्यें म्युनिकला जातांना, ह्यापुढें प्रयोगशाळेंत विद्यार्थी शिकविण्याचें ओझें आपणांवर नसावें, अशी अट त्यांनीं घातली. अठ्ठावीस वर्षांत ते इतके थकले होते. पण तोंपर्यंत बीं सर्वत्र पडलें होतें. हॉफमान १८४५ मध्यें लंडनच्या नव्या रसायनविद्यालयाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या पर्किननें १८५६ मध्यें पहिला सुप्रसिद्ध कृत्रिम जांभळा रंग शोधून काढला. रशियाचे वोस्क्रेसेन्स्की स्वदेशीं परतून शिकवूं लागले, आणि मेंडेलीव्ह हे त्यांचे विद्यार्थी होत.

सर्वांत हृद्य हकीकत अलेक्झांडर विल्यमसन ह्यांची आहे. लहानपणापासून एक डोळा व एक हात अधू असलेला हा इंग्रज तरुण १८४४ मध्यें गीसेनला आला आणि पुढें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत अध्यापक झाला. १८६३ मध्यें, देश सोडून जाणारास देहान्त शिक्षा असतां, पांच जपानी तरुण चोरून लंडनला पोहोंचले. विल्यमसन ह्यांनीं त्यांस शिकविलें, इतकेंच नव्हे, तर त्यांपैकीं कांहींना आपल्या घरीं ठेवून घेतलें. त्या पांचांतील इतो हिरोबुमी हे १८८५ मध्यें जपानचे पहिले मुख्य प्रधान झाले. मागाहून आलेले साकुराई जोजी विल्यमसन ह्यांच्यापाशीं शिकून १८८१ मध्यें परतले व टोकियोस रसायनशास्त्र शिकवूं लागले.

पॅरिसच्या सभागृहांत एका संकोची जर्मन मुलाशीं हुंबोल्ट दोन शब्द बोलले. त्या मुलानें गीसेनला परक्यांच्या मुलांस कामास लावलें. त्यांतील एका इंग्रजानें जपानच्या मुलांस घर दिलें. विद्येचें ऋण ज्याचें त्यास परत करतां येत नाहीं. तें पुढें येणाऱ्या अनोळखी माणसासच फेडावें लागतें. आपल्या बाकावर परगांवचा किंवा परभाषी मुलगा येऊन बसला, तर वाचक विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट आठवावी. त्याचें बोलणें प्रथम न समजलें तरी हरकत नाहीं. त्याच्याबरोबर एखादें काम हातीं घ्यावें, म्हणजे भाषा मागाहून येते.